डीपीडीकेच्या ड्रायव्हरमधले जुने पॅच नव्या आवृत्तीवर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या टीमचं पॅकेट तपासणारं उपकरण डीपीडीके २०.११ वर चालतं (डीपीडीके म्हणजे कर्नलला वळसा घालून पॅकेट थेट प्रोग्रॅमकडे आणणाऱ्या लायब्ररी आणि ड्रायव्हर). कार्डं इंटेलची, ८२५९९ आणि ७१० मालिकेतली. ड्रायव्हरमध्ये टीमने स्वतः घातलेले चौदा पॅच (कोडमधले छोटे बदल) आहेत आणि ते लिहिणारे बहुतेक जण कंपनी सोडून गेलेत. आता २४.११ वर जायचंय, तर निम्मे पॅच लागतच नाहीत. शिवाय नव्या एआरएम सर्व्हरवर जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू असताना मधूनच सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून होणारा क्रॅश) येतो. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर) तोच कोड महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतो. आणि एका ग्राहकाकडे ट्रॅफिकचा लोंढा आला की एखादी क्यू (कार्डावरची पॅकेटांची रांग) जी बसते ती प्रोसेस पुन्हा सुरू केल्याशिवाय उठत नाही. विचारणाऱ्याचं म्हणणं: पॅच कसे सांभाळायचे ते सांगा, आणि जमलं तर या दोन दुखण्यांवरही बोला.

चौदापैकी जितके पॅच टाकून देता येतील तितके आधी टाका. २०.११ ची स्थिर शाखा केव्हाच बंद झाली आहे आणि मधल्या चार वर्षांत या दोन्ही ड्रायव्हरमध्ये भरपूर दुरुस्त्या झाल्या आहेत. तुमच्या माजी सहकाऱ्यांना जे खटकलं ते जगात इतर कुणालाच खटकलं नसेल, असं होत नाही. त्यामुळे पॅच लावायला घेण्याआधी प्रत्येकाचं कूळ शोधा. गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या लॉगमध्ये एखादी ओळ किंवा नाव कधी आलं, कधी गेलं हे शोधायची सोय आहे. पॅचने हात घातलेल्या फंक्शनवर ती चालवा. तीच दुरुस्ती वेगळ्या शीर्षकाखाली, वेगळ्या आकारात मूळ कोडमध्ये आलेली बऱ्याचदा सापडते. आकार वेगळा असला तर मूळवाल्यांचा घ्या, तुमचा कितीही लाडका असला तरी.

पॅच लागत नाही म्हणजे त्याचा अर्थ बदलला असं मात्र नाही. २१.११ मध्ये नावांची घाऊक अदलाबदल झाली. ईथरनेटच्या स्थिरांकांना, ऑफलोडच्या (कार्डाकडे सोपवलेल्या कामांच्या) झेंड्यांना, एमबफवरच्या (पॅकेट ठेवायच्या बफरवरच्या) झेंड्यांना सगळ्यांना 'आरटीई'ने सुरू होणारी नवी नावं मिळाली. तुमच्या नकारलेल्या तुकड्यांपैकी बरेच नुसते या नावांपायी अडकले असतील. त्याच आवृत्तीत काही खरे बदलही झाले. ईथरनेट डिव्हाइसचं स्ट्रक्चर अ‍ॅप्लिकेशनपासून लपवून फक्त ड्रायव्हरांसाठी असलेल्या हेडरमध्ये गेलं, पॅकेट घेण्या-पाठवण्याच्या फंक्शनांचे पॉइंटर वेगळ्या सपाट अ‍ॅरेत गेले, आणि क्यू सोडणाऱ्या कॉलबॅकला क्यूच्या पॉइंटरऐवजी डिव्हाइस आणि क्यूचा क्रमांक मिळू लागला. पहिल्या प्रकारचं काम कोडमध्ये घाऊक बदल करणाऱ्या कॉक्सिनेलसारख्या साधनाने किंवा साध्या सेड स्क्रिप्टने उरकतं. दुसऱ्या प्रकारात माणसाने बसून वाचावं लागतं. दोन्ही एकाच कॉन्फ्लिक्टमध्ये (बदल न जुळलेल्या जागी) मिसळले की डोकं चालेनासं होतं.

म्हणून २०.११ वरून थेट २४.११ वर उडी मारू नका. २१.११, २२.११, २३.११ असं एकेका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर (एलटीएसवर) रिबेस करत, म्हणजे तुमचे बदल नव्या कोडवर पुन्हा बसवत, वर चढा. मधल्या पायऱ्यांवर काही ग्राहकाला द्यायचं नाही. कंपाइल झालं, टेस्टपीएमडी (डीपीडीकेचा चाचणी प्रोग्रॅम) उठलं, पॅकेट आत येऊन बाहेर गेलं की पुढची पायरी. २३.११ ला कंपायलर सी-११ मानणारा लागतो, तेव्हा तुमचं बिल्ड मशीन जुन्या सेंटओएसवर असेल तर ते तिथेच कळेल. आणि केएनआय (कर्नलकडे पॅकेट देणारा दुवा) वापरत असाल तर तो २३.११ मध्ये काढून टाकला आहे, त्याची पर्यायी सोय लागेल.

पॅच कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. फोल्डरमध्ये पॅच-फाइली ठेवून बिल्डच्या वेळी लावायची पद्धत मीही वापरली आहे. व्हीपीपी या डीपीडीके वापरणाऱ्या प्रकल्पाच्या बिल्डमध्ये डीपीडीकेच्या आवृत्तीगणिक पॅचचं फोल्डर असतं आणि तिथे ते चालतं, कारण ती यादी मुद्दाम तोकडी ठेवतात. चौदा पॅचांसाठी मात्र गिटची शाखा ठेवा, दर एलटीएसला एक, आणि त्यावर पॅच म्हणजे कमिट (गिटमध्ये नोंदलेला बदल). कारण व्यवहाराचं आहे. २५.०३ मध्ये इंटेलचे सगळे नेटवर्क ड्रायव्हर एका नव्या 'इंटेल' फोल्डरखाली हलवले गेले. कमिट असतील तर रिबेस करताना गिट फाइल हलल्याचं ओळखतं आणि बदल नव्या जागी नेतं. सुटी पॅच-फाइल थेट लावायला गेलात तर ती जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावते. आज २४.११ वर थांबलात तरी पुढच्या वेळी हे समोर येणारच आहे.

जुनी मालिका आणि रिबेस केलेली मालिका यांची तुलना गिटच्या रेंज-डिफने करा आणि तो फरक दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. कॉन्फ्लिक्ट सोडवताना चुकून गळलेली ओळ इथेच सापडते. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवायची गिटची सोय, रिरीरे, चालू करून ठेवा. आणि प्रत्येक कमिटच्या संदेशात चार ओळी तरी हव्यात: कोणत्या कार्डावर, कोणत्या फर्मवेअरवर काय दिसलं, पुन्हा कसं घडवायचं, मूळ प्रकल्पाकडे पाठवला का, आणि कधी टाकून द्यायचा. 'फिक्स क्रॅश' एवढ्याच शीर्षकाचा पॅच वारशात मिळाला की त्याला ना काढता येतं ना ठेवता येतं. असा एखादा तुमच्याकडे असणारच. तो बाजूला काढून चाचण्या चालवा. काहीच तुटलं नाही तर टाका.

एका फोल्डरबद्दल विशेष सूचना. आयएक्सजीबीई (८२५९९ चा), आय-४०-ई (७१० चा), आइस (८१० चा) या ड्रायव्हरांत 'बेस' नावाचा उपफोल्डर असतो. तो कोड इंटेलकडे इतर ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरांबरोबर सामायिक असतो आणि तिकडून ठोकळ्याने येतो. तिथल्या रीडमीमध्ये स्पष्ट लिहिलंय की ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडणाऱ्या फाइली सोडल्या तर इथे हात लावू नका. तुमचा पॅच तिथे असेल तर तो वेगळ्या कमिटमध्ये काढा. रजिस्टरचा वेळ वाढवणं, पीएचवायच्या (तारेशी जोडणाऱ्या चिपच्या) रीसेटनंतर थोडं थांबणं असले पॅच तिथेच सापडतात. बहुतेकदा तेवढंच काम बेसच्या बाहेरून, ड्रायव्हरच्या स्टार्ट फंक्शनमधून करता येतं.

आता क्रॅशकडे. इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण ड्रायव्हरचा पॅच आणि साध्या प्रोग्रॅमचा पॅच यांतला फरक इथेच कळतो.

आधी वेळेचं गणित. सर्वांत लहान ईथरनेट फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधी जाणारे ८ बाइट आणि दोन फ्रेममधली १२ बाइटची मोकळी जागा धरून तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट जातात. १० गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट, म्हणजे एका पॅकेटला ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर ही साधारण २०० सायकल झाली. १०० गिगाबिटवर हेच २० सायकलवर येतं. कॅश चुकून मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायचं झालं तर १० गिगाबिटवरचा सगळा वेळ तिथेच संपतो. म्हणून इथे इंटरप्ट नाहीत. कोअर सतत रिंगकडे बघत बसतो, बत्तीस-बत्तीस पॅकेटांचा घास (बर्स्ट) एकदम घेतो, आणि कुलूप, सिस्टिम कॉल, फालतू तपासण्या सगळ्याला फाटा देतो. (त्यामुळे 'टॉप'मध्ये कोअर कायम शंभर टक्केच दिसतो, त्यावरून लोड ओळखायला जाऊ नका.)

रिंग म्हणजे १६-१६ बाइटच्या डिस्क्रिप्टरांची रांग. ड्रायव्हर प्रत्येक डिस्क्रिप्टरमध्ये पहिल्या आठ बाइटांत रिकाम्या बफरचा पत्ता लिहितो आणि पुढच्या आठ बाइटांत, हेडर वेगळं नको असेल तर, शून्य. कार्ड पॅकेट बफरमध्ये उतरवतं आणि त्याच १६ बाइटांवर आपला निकाल लिहितं: स्टेटस, लांबी, व्हीलॅन वगैरे. स्टेटसमध्ये 'डीडी' नावाचा एक बिट असतो, डिस्क्रिप्टर डन. तो १ दिसला की पॅकेट आलं. स्टेटस आणि लांबी दोन्ही त्या शेवटच्या आठ बाइटांत बसतात, म्हणजे जिथे ड्रायव्हरने आधी शून्य लिहून ठेवलं होतं तिथेच.

८२५९९ च्या ड्रायव्हरमध्ये क्रम असा आहे: आधी स्टेटस वाचा, डीडी लागला नसेल तर बाहेर पडा, लागला असेल तर अख्खा डिस्क्रिप्टर स्थानिक चलात उतरवून घ्या आणि त्यातली लांबी वापरा. कागदावर निर्दोष. पण एक्स८६ दोन वाचनांचा क्रम राखतो, एआरएम तसं वचन देत नाही. एआरएमचा कोअर दुसरं वाचन आधी उरकून ठेवू शकतो. मग होतं असं की लांबी वाचली तेव्हा तिथे ड्रायव्हरचंच जुनं शून्य होतं. तेवढ्यात कार्डाने निकाल लिहिला. नंतर स्टेटस वाचला तर डीडी लागलेला. हातात आलं शून्य लांबीचं 'पूर्ण' पॅकेट.

एरवी शून्य लांबीचं पॅकेट वरच्या थरात कुठेतरी फेकलं गेलं असतं. पण एलआरओच्या (आलेली पॅकेट जोडून एक मोठं करणाऱ्या सोयीच्या) फंक्शनमध्ये एक खास फांदी आहे: शेवटच्या तुकड्यात नुसता सीआरसीच (फ्रेमच्या शेवटचे तपासणी-बाइट) उरला असेल, म्हणजे त्याची लांबी सीआरसीइतकी किंवा कमी असेल, तर तो तुकडा साखळीतून काढून टाका. त्यासाठी कोड पहिल्या तुकड्यापासून चालत 'याच्या पुढचा तो शेवटचा' असा तुकडा शोधतो. पॅकेट एकाच तुकड्याचं असेल तर पहिला आणि शेवटचा एकच. त्याच्या पुढे नल (रिकामा पॉइंटर). नलच्या पुढचं शोधायला गेलं की फॉल्ट.

हा प्रकार २०२३ मध्ये चीनच्या लूंगसन ३सी५००० या प्रोसेसरवर पकडला गेला आणि त्याच वर्षी मूळ कोडमध्ये दुरुस्त झाला. दुरुस्ती एका ओळीची: डीडी तपासल्यावर अ‍ॅक्वायर प्रकारचा फेन्स, म्हणजे यापुढची वाचनं याच्या आधी सरकू नयेत. एक्स८६ वर या फेन्समुळे एकही जास्तीची सूचना तयार होत नाही, फक्त कंपायलरला लगाम बसतो. म्हणून एक्स८६ वरच मोजमाप करणाऱ्याला हा पॅच निरुपयोगी वाटतो आणि 'काही फरक पडत नाही' म्हणून तो मागे ठेवला जातो. तुमच्या २०.११ मध्ये तो कदाचित नसेल, २४.११ मध्ये आहे.

'पण आम्ही एलआरओ चालूच केलेलं नाही' असं तुम्ही म्हणाल. जम्बो फ्रेम एका बफरमध्ये मावत नसेल आणि व्हेक्टर मार्ग (एका सूचनेत अनेक डिस्क्रिप्टर हाताळणारा) कोणत्याही कारणाने नाकारला गेला असेल, तर हा ड्रायव्हर तुकड्यातुकड्यांनी घेण्यासाठी तेच एलआरओवालं फंक्शन वापरतो. तुमच्या क्रॅशचा स्टॅक उघडून फंक्शनचं नाव बघा. माझी पैज तिथेच आहे.

यावरूनच पुढचा मुद्दा निघतो. एका ड्रायव्हरमध्ये पॅकेट घेणारं फंक्शन एक नसतं. साधं, घाऊक बफर घेणारं, तुकड्यांचं, एसएसई, एव्हीएक्स, निऑन (ही तीन व्हेक्टरवाली) अशी अनेक असतात आणि त्यातलं कोणतं चालेल ते पोर्ट सुरू होताना ठरतं: कोणते ऑफलोड मागितले, रिंग किती मोठी, मशीन कोणतं, यावरून. तुमच्या माणसाने साध्या फंक्शनमध्ये पॅच घातला आणि उपकरणावर चालतंय निऑनवालं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. टेस्टपीएमडीमध्ये क्यूची माहिती मागितली की 'बर्स्ट मोड' छापून येतो. अ‍ॅप्लिकेशनमधूनही तो विचारता येतो. पोर्ट सुरू झाल्याबरोबर तो लॉगमध्ये लिहायची सवय लावा. ग्राहकाने एक व्हीलॅन ऑफलोड चालू केला आणि व्हेक्टरवरून साध्या मार्गावर घसरून वेग पडला, असल्या तक्रारी त्या एका ओळीने सुटतात. उलट तपासायचं असेल तर ईएएलला (डीपीडीकेच्या पायाभूत थराला) सिमडची (व्हेक्टर सूचनांची) कमाल रुंदी ६४ बिट सांगा. व्हेक्टर मार्ग बंद होतात. दोष तरीही राहिला तर तो व्हेक्टर कोडमधला नाही.

व्हेक्टर कोडमध्ये हात घालायची वेळ आलीच तर आधी तिथल्या कॉमेंट वाचा. चार डिस्क्रिप्टर उलट्या क्रमाने, शेवटून पहिल्याकडे, वाचलेले दिसतील. कार्ड क्रमाने लिहितं. म्हणून चौथा आधी वाचून तो पूर्ण दिसला, तर त्यानंतर वाचलेले आधीचे तीन पूर्ण असणारच. 'हे सुलट केलं तर प्रीफेच बरा होईल' असा विचार करून कुणी क्रम बदलला की चाचणीत सगळं हिरवं दिसतं आणि तीन आठवड्यांनी एखाद्या पॅकेटची लांबी भलतीच येते.

आता बसणारी क्यू. दोन आकडे बघा. 'आयमिस्ड' म्हणजे कार्डाकडे रिकामा डिस्क्रिप्टर नव्हता म्हणून पॅकेट गेलं. 'आरएक्स-नोएमबफ' म्हणजे ड्रायव्हरने पूलकडे (बफरांच्या साठ्याकडे) बफर मागितला आणि पूल रिकामा होता. क्यू बसल्यावर नोएमबफ धावत असेल तर मला वाटतं तुमची कोंडी अशी आहे: ८२५९९ चं साधं फंक्शन आलेलं पॅकेट तुमच्या हाती देण्याआधी त्याच्या जागी ठेवायला नवा बफर मागतं. तो मिळाला नाही तर पॅकेट रिंगमध्येच राहतं आणि तुम्हाला शून्य पॅकेट मिळतात. तुमचं उपकरण तुकडे जोडण्यासाठी किंवा टीसीपीचा क्रम लावण्यासाठी बफर धरून ठेवत असेल, आणि मुदत संपलेले बफर सोडायचं काम 'नवीन पॅकेट आलं की' करत असेल, तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. पॅकेट येत नाही कारण बफर नाही, बफर सुटत नाही कारण पॅकेट येत नाही. यात ड्रायव्हर निर्दोष आहे. मुदत संपलेले बफर सोडायचं काम घड्याळावर टाका, पॅकेट शून्य आली तरी चालेल असं.

पूलचा आकारही मोजून बघा. नमुन्याच्या स्केलेटन प्रोग्रॅममध्ये दर पोर्टला ८१९१ बफर असा आकडा आहे आणि तो उचलून लोक वर्षानुवर्षं वापरतात. समजा दोन पोर्ट, प्रत्येकी चार क्यू, घेण्याची रिंग १०२४ आणि पाठवण्याची १०२४. नुसत्या रिंगांत १६,३८४ बफर राहू शकतात. पूलमध्ये आहेत १६,३८२. त्यात दर कोअरची कॅश, हातातले बर्स्ट, जोडणीसाठी धरलेले तुकडे धरलेलेच नाहीत. पाठवण्याच्या रिंगेतले बफर पुढच्या पाठवणीच्या वेळीच मोकळे होतात हे विसरलं जातं. शांत पडलेली क्यू शेकडो बफर दाबून बसते. ते झटकायला स्वतंत्र फंक्शन आहे, पण प्रत्येक ड्रायव्हर ते देतोच असं नाही. सरळ पूल मोठा ठेवा. हार्डवेअरपेक्षा मेमरी स्वस्त.

आयमिस्ड धावतोय, नोएमबफ शून्य आहे आणि अ‍ॅप्लिकेशनला मात्र पॅकेट मिळत नाहीत, असं असेल तर संशय ड्रायव्हरमधल्या तुमच्या पॅचवर. टेल रजिस्टर कार्डाला सांगतं की इथपर्यंतचे डिस्क्रिप्टर तुझे. ते दर पॅकेटला लिहीत नाहीत, ठरावीक संख्या साचली की लिहितात, कारण पीसीआयवरचं ते लिखाण महाग असतं. एखाद्या पॅचने मधूनच फंक्शनमधून बाहेर पडायचा नवा रस्ता काढला असेल आणि साचलेल्यांचा हिशेब जमा करायचा राहिला असेल, तर हळूहळू कार्डाकडचे डिस्क्रिप्टर संपतात. सगळ्या 'रिटर्न' आणि 'ब्रेक' एकदा बोट ठेवून मोजा.

बफरचाच आणखी एक सापळा: पाठवताना 'फास्ट फ्री' ऑफलोड मागितला असेल तर तुम्ही वचन देता की त्या क्यूवरचे सगळे बफर एकाच पूलचे आणि प्रत्येकाचा संदर्भ-आकडा १ आहे. पॅकेटची प्रत दुसरीकडे आरसा म्हणून पाठवण्यासाठी कुणी तो आकडा २ केला की वचन मोडलं. मोडल्याची शिक्षा लगेच होत नाही, भलत्याच ठिकाणी होते.

चौदातले जे पॅच तुमच्या अ‍ॅप्लिकेशनसाठीच आहेत, वेळेचा शिक्का मारणं, एखाद्या प्रकारचं पॅकेट लवकर टाकणं, मोजदाद करणं, त्यांची जागा ड्रायव्हर नाही. पॅकेट घेतल्यावर चालणारे कॉलबॅक डीपीडीकेमध्ये आहेत. एमबफमध्ये स्वतःची माहिती ठेवायला १९.११ पासून गतिमान फील्ड आहेत, २०.११ मध्ये खुद्द वेळेचा शिक्कासुद्धा तिकडे हलवला गेला. कॉलबॅकला दर बर्स्टमागे थोड्या सायकल लागतात, खरं आहे. पण त्या वाचवण्यासाठी दरवर्षी एका माणसाचे आठवडे रिबेसमध्ये घालवणं मला तरी परवडलेलं दिसलेलं नाही.

उरलेले, खऱ्या दोषांचे पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवा. डीपीडीकेचा यूजरस्पेस कोड बीएसडी परवान्याखाली आहे, त्यामुळे बदल उघड करायची सक्ती नाही, आणि म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते दाबून ठेवतात. त्याची किंमत दर आवृत्तीला स्वतःच भरतात. पाठवायची रीत अवघड नाही. शीर्षक 'नेट/आयएक्सजीबीई' अशा रूपात, लक्षण आधी, कारण नंतर, ज्या कमिटने दोष आला त्याचा बारा अक्षरी हॅश 'फिक्सेस' ओळीत, स्टेबल पत्त्याला सीसी, आणि स्वतःची 'साइन्ड-ऑफ' ओळ. या शेवटच्या ओळीचा अर्थ हा कोड द्यायचा अधिकार मला आहे असा होतो, तेव्हा कंपनीची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. कायदा विभागाचं उत्तर यायला पॅच लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. देवटूल्स फोल्डरमध्ये पॅचची ठेवण, लॉगची ठेवण, अनेक संरचनांत बिल्ड, हे तपासणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, त्या चालवूनच पाठवा. कोणाला सीसी करायचं ते मेंटेनर्स फाइल सांगते.

लोक अडखळतात ते मजकुरावर. ग्राहकाचं नाव सांगू नका, पण कार्ड, फर्मवेअर, मशीन, रिंगचा आकार, लागलेला मार्ग हे सगळं सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवलं तर पहिलाच प्रश्न 'हे घडतं कसं?' असा येतो आणि एक फेरी वाया जाते. फिक्सेस आणि स्टेबल या दोन ओळी असतील तर स्थिर शाखांचे मेंटेनर तो पॅच स्वतः मागे नेतात. लागला नाही तर तुम्हालाच विचारतात, तेव्हा उत्तर द्या. २४.११ ची शाखा तीन वर्षं चालणार आहे. तिच्या २४.११.१, २४.११.२ अशा आवृत्त्या आल्या की लगेच खाली ओढा. आळस केलात तर पाच वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा लिहाल.

चाचणीबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकते. १० गिगाबिटवर पॅचआधी आणि पॅचनंतर १४.८८ दशलक्ष पॅकेटच दिसतात आणि अहवालात 'परिणाम नाही' असं लिहिलं जातं. ती तारेची मर्यादा आहे, कोडची नव्हे. पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांनी २०१२ मध्ये नेटमॅपचे (डीपीडीकेसारख्याच एका प्रणालीचे) आकडे मांडले तेव्हा ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एका कोअरने ती तार भरून दाखवली होती. तुमचा कोअर तिप्पट वेगाने पळत असेल तर बरीच हळू झालेली आवृत्तीसुद्धा तोच आकडा देईल. कोअरचा वेग मुद्दाम खाली आणा, किंवा दर पॅकेटच्या सायकल मोजा, तेव्हा फरक दिसतो.

बाकी चाचण्या कंटाळवाण्या आहेत पण लागतात: ट्रेक्सने (ट्रॅफिक तयार करणाऱ्या साधनाने) ६४ पासून १५१८ बाइटपर्यंतचा ट्रॅफिक, पोर्ट बंद-चालू करत राहणारी स्क्रिप्ट, लिंक ओढणं-लावणं, जाणूनबुजून छोटा ठेवलेला पूल, एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) बदलणं. एआरएमसाठी क्रॉस-बिल्ड दर कमिटला. कार्ड नसलेल्या मशीनवर नल आणि पीकॅप ड्रायव्हर वापरून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवा. बफरचा गैरवापर तिथे स्वस्तात सापडतो.

फर्मवेअर विसरू नका. ७१० कार्डांसाठी कोणत्या डीपीडीकेबरोबर कोणतं फर्मवेअर तपासलंय याचा तक्ता ड्रायव्हरच्या मार्गदर्शिकेत असतो. पुढे ८१० मालिकेवर गेलात तर डीडीपी पॅकेजची (पॅकेट कशी ओळखायची ते कार्डाला सांगणारी) फाइलही जुळवावी लागते. आयजीबी-यूआयओ (कार्ड प्रोग्रॅमच्या हाती देणारं कर्नल मॉड्यूल) वापरत असाल तर तो २०.११ पासूनच मुख्य कोडबाहेर आहे. या निमित्ताने कर्नलमधल्याच व्हीएफआयओवर जा.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून तीन गोष्टी लागतील: एआरएमवरच्या क्रॅशचा स्टॅक, क्यू बसलेली असताना दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घेतलेले पोर्टचे आकडे, आणि चौदा पॅचांपैकी बेस फोल्डरला हात लावणाऱ्यांची यादी. क्यू बसली की लगेच प्रोसेस मारू नका. आकडे आणि पूलमधल्या शिल्लक बफरांची संख्या आधी लिहून घ्या, मग हवं तर पुन्हा सुरू करा.